मोठीआईला ‘वेलकम मॅडम’

“अवो, सख्ख्या पुतण्यानं मले ‘मॅडम’ म्हटलं!”

हे वाक्य काकूंनी गेल्या दिवाळीपासून आमच्या गल्लीत कोणाला ऐकवायचं ठेवलं नाही. त्यांच्या आणि आमच्या अंगणामध्ये कमरेएवढी भिंत आहे. काकूंनी त्या भिंतीवर कोपर टेकवलं की आपण हातातलं काम चालू ठेवायचं, कान मात्र तिकडे द्यायचे. दिग्रसचं पोट्टं पुण्याला कंपनीत लागलं ही बातमी दोन दिवसांत शिळी होते. काकूंचा पुतण्या ‘पाळण्याच्या नोकरीले’ लागला, ही मात्र अजून ताजीच आहे.

“कोणत्या पार्कात व काकू? खोपोलीच्या इमॅजिकात?”

“नाई, दुसरीकडं. तो म्हणते, मोठीआई, चारचौघांत नाव नको घेत जाऊ, नोकरीचा मामला आहे.” काकूंनी तोंडावर बोट ठेवलं. काकूंचं तोंड बंद राहील अशी ही एवढी एकच गोष्ट मी पाहिली, म्हणून मीही नाव विचारलं नाही.

तो बारावीनंतर आयटीआय करून तिकडे गेला, तेव्हा काकूंच्या डोळ्यांपुढे घंटीबाबाच्या यात्रेतला आकाशपाळणा होता. पाळणा फिरवायचा, पैसे घ्यायचे, रात्री हिशेब. फार तर रामनवमीला पोहरादेवीला जायचं. काकूंचं माहेर मानोऱ्याकडचं, त्यामुळे पोहरादेवीची जत्रा त्यांना अंगणासारखी ठाऊक. “मी लहान होती तवा पाळणावाल्याची बायको त्या पाळण्याच्याच खाली चूल मांडे. वरतून आम्ही किंचाळून राहिलो, खाली तिची भाकर फुगून राहिली. दोन खांबाले लुगड्याची झोळी, त्यात लेकरू झोपलेलं. एवढ्या डिझेलच्या धडधडीत! अन् पाळणा थांबवाचा असला का तो माणूस चालत्या पाळण्याले लोंबकळे. ब्रेक म्हणजे तोच.”

ते चित्र मीही पाहिलंय. आमच्या लहानपणी जत्रेत सगळं उघडं असे. मौत का कुआँमधला माणूस खेळ संपला की शेजारच्याच टपरीवर चहा पिताना दिसे, मघाशी जिवावर उदार झालेला माणूस तो हाच यावर आमचा विश्वास बसत नसे. दंडारीत तर राधा झालेला पोट्टा पडद्याआड बिडी ओढताना दिसायचा, आणि त्यानंतर तो पुढे येऊन लाजला तरी आम्ही टाळ्या वाजवायचोच. कोणाला काही खटकत नसे.

काकू मात्र पार्क पाहायला गेल्या त्या जत्रेच्या हिशेबानं. नोकरी करणाऱ्यांना पास मिळतात. पुतण्यानं ते जमवून ठेवले आणि दिवाळीत सगळं खटलं बोलावलं. काकू, काका, मुलगा, सून, नात. रात्रभर ट्रॅव्हल्सनं. सोबत डब्यात चकल्या आणि शेव, पुतण्यासाठी वेगळी बरणी.

“दारात उभा. लाल शर्ट, डोक्यावर टोपी, छातीवर बिल्ला. मी म्हटलं, अरे बापू, किती वाळला रे! तर तो हसला, सगळ्याइकडे पाहून हसते तसाच हसला अन् म्हणते कसा, ‘वेलकम मॅडम, खाण्याचे पदार्थ आत नेता येणार नाहीत.’ ती बरणी तिथंच ठेवली व बाई मी! त्याच्याचसाठी नेलेली!”

“ड्युटीवर नातं सांगायचं नसतं काकू.”

“काहून? कलेक्टर आहे का तो?”

मी काही बोलले नाही. काकूंचा खरा राग पुढेच होता. त्या मोठ्या पाळण्याच्या रांगेत तासभर उभ्या राहिल्या. आत गेल्यावर पुन्हा पुतण्याच. जेवणाच्या सुटीनंतर त्याची ड्युटी तिथं बदललेली. “माह्या पोटावरची दांडी त्यानं दोन्ही हातानं दाबली, पट्टा ओढून पाह्यला, तिकडच्या पोट्ट्याले अंगठा दाखवला अन् पुढच्या बाईकडे गेला. माह्याकडे पाह्यलंच नाई. पट्ट्याकडे पाह्यलं.”

मला विचाराल तर त्या दिवशी त्या पोरानं केलेली ही सगळ्यात मायेची गोष्ट होती. पण हे काकूंना भिंतीवरून सांगायची माझी छाती नाही.

नातीचं प्रकरण तर आणखी भारी. रांगेच्या तोंडाशी उंची मोजायची पट्टी असते. काकूंच्या सुनेनं आधीच अंदाज घेऊन पोरीच्या दोन्ही वेण्या डोक्यावर गोळा करून अंबाडा बांधला होता. पुतण्यानं तळहात आडवा धरून तो अंबाडा दाबला. “म्हणते, दोन बोटं कमी आहे. मी म्हटलं, अरे तुही पुतणी आहे. म्हणते, सॉरी मॅडम. दोन बोटांसाठी व! घरचा माणूस!”

ओट्यावर आमचे हे पेपर वाचत होते. निवृत्त मास्तर, त्यामुळे ऐकत नसल्यासारखं दाखवत सगळं ऐकणार. तिथूनच म्हणाले, “त्या दोन बोटांसाठीच तर त्याला तिथं ठेवलाय, वहिनी. दांडी मोठ्या माणसाच्या अंगाला धरेल अशी बनवलेली असते. लहान लेकरू तिच्याखालून सरकून जाईल.”

“तुमाले काय, तुमी शाळेत पोट्ट्याइले नापासच करत आले,” काकूंनी एका दमात निकाल लावला.

पुतण्या पोळ्याला दिग्रसला आला तेव्हा मी त्याला चहाला बोलावून सगळं विचारून घेतलं. मला ही नोकरी म्हणजे नेमकं काय ते कळतच नव्हतं. बोलायला लागला तर थांबेना. घरी त्याला कोणी हे विचारलंच नसावं. तो सांगत होता, की गेट उघडायच्या दोनतीन तास आधी यांची सकाळ होते. गाड्या आधी रिकाम्या फिरवायच्या, कधी सीटवर माणसाच्या वजनाचे पाणी भरलेले पुतळे बसवून फिरवायच्या. रोलरकोस्टरच्या गाडीला इंजिन नसतंच, हे मला त्यानंच सांगितलं. साखळी तिला चढणीवर ओढून नेते आणि माथ्यावरून सोडून देते, पुढचं सगळं तिच्या स्वतःच्या वजनावर. एका रुळावर दोनतीन गाड्या पळत असल्या तर रुळाचे भाग पाडलेले असतात. एका भागात एकच गाडी. पुढचा भाग रिकामा झाला असं सेन्सरनं कळवल्याशिवाय मागची सुटत नाही, मध्येच काही चुकलं तर ब्रेक आपोआप लागतात. गाडी सोडायचं बटण काही ठिकाणी दोघांनी एकदम दाबावं लागतं, म्हणजे एकाची डुलकी चालत नाही. वारा वाढला, वीज चमकली, की बंद. बंद केलं की पब्लिक शिव्या देतं. आकाशाला नाही, यांना.

“काकू, तुम्हाला वरती जाऊन यायला किती वेळ लागतो माहितीये? दोन-अडीच मिनिटं. ते दोन-अडीच मिनिटं मी दिवसभर करतो. एकच गाणं, तेच अनाउन्समेंट, तेच ‘हात आत ठेवा’. लोकांची पहिलीच वेळ असते ना, त्यांना मी पहिल्यांदाच बोलल्यासारखं बोलायला पाहिजे.” हे म्हणताना तो हसला नाही. काकूंची ही दुसरी तक्रार: “आमच्या घरी येऊन तोंड लांब करून बसते. हसू सगळं तिकडंच खर्चून येते.”

मला ते पटलं. आठ तास उभं राहणं एकवेळ सोपं. आठ तास हसरं उभं राहायचं, तेही आपल्याकडे न पाहणाऱ्या माणसांसमोर, याचा पगार वेगळा मोजायला हवा. तो कोणी मोजत नाही.

सुटीचंही तसंच. दिवाळी, नाताळ, उन्हाळा, पंधरा ऑगस्टला जोडून आलेला शनिवार-रविवार, जेव्हा जेव्हा तुमच्या-माझ्या घरी सुटी, तेव्हा त्याला रजा मागायचीच नाही. आठवड्याची सुटी मंगळवारी. मंगळवारी तो कोणासोबत फिरणार? पोळा मधल्या वाराला आला, पावसात गर्दी नव्हती, म्हणून तेवढं जमलं.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. गल्लीतली लेकरं लाकडी बैल सजवून आणतात ना, त्यांची रांग लावायची होती. दरवर्षी त्या रांगेचा चिखल होतो. या पोरानं दोन्ही तळहात समोर धरले, “एकामागं एक, दोरी हातात, पुढच्याला धक्का नाही,” असं तीनदा त्याच सुरात म्हटलं, आणि पाच मिनिटांत सरळ रांग! मग तो वाकून एकेका बैलाची चाकं हलवून बघत गेला. एकाचं ढिलं निघालं, तर बाजूला काढून खिळा ठोकवून आणला. बैलवाला पोरगा रडत होता, हा ऐकेना. काकू दारातून म्हणाल्या, “आता बैलालेही पट्टा लाव!”

आणि एक गंमत सांगते. पार्कात एक मोठं अस्वल हिंडत होतं, काकूंनी त्याच्या गळ्यात पडून फोटो काढलाय. तो फोटो त्यांच्या मोबाइलवर आजही पहिला आहे. पुतण्यानं पोळ्याला सांगून टाकलं की आत त्याच्या खोलीवरचा मित्र होता, परभणीकडचा. आत मरणाचं उकडतं, खालचं दिसत नाही म्हणून हाताला धरून न्यायला सोबत एक जण लागतो, थोड्या थोड्या वेळानं बाहेर काढून पाणी पाजावं लागतं, आणि काहीही झालं तरी बोलायचं नाही. पोट्टे शेपटी ओढतात, पोटात गुद्दे मारतात, तरी हात हलवत राहायचं.

काकू गप्प झाल्या. मग हळूच: “आत पोट्टा होता? अन् मी त्याचा गालगुच्चा घेतला व!”

ह्यांना आता पेपर बाजूला ठेवणं भागच होतं. “हे सगळं शास्त्र डिस्नेनं लिहून ठेवलं,” हे म्हणाले. “तिथं नोकराला नोकर म्हणतच नाहीत. कास्ट मेंबर म्हणतात, नाटकातलं पात्र. लोकांसमोर असला की तो रंगमंचावर, आड गेला की पडद्यामागे. फ्लोरिडात १९७१ साली त्यांनी मॅजिक किंगडम उघडलं, तर त्या पार्काच्या खाली बोगदेच बांधले. कारण काय, तर आधीच्या कॅलिफोर्नियाच्या पार्कात एक काउबॉय झालेला माणूस भविष्यकाळाच्या गावातून कामावर चालला होता, आणि वॉल्ट डिस्नेला ते खटकलं. म्हणून जेवणं, कपडे बदलणं, कचरा, सगळं खालून. पाहुण्याला रस्ता दाखवायचा तर एका बोटानं नाही, दोन बोटांनी.”

“मंग त्याइच्याकडं सगळं बिनचूक असन,” काकू.

“कुठलं! १७ जुलै १९५५ला पहिलं डिस्नेलँड उघडलं तो दिवस म्हणजे फजिती. खोटी आमंत्रणं घेऊन हजारो लोक घुसले. नवं डांबर उन्हानं मऊ झालेलं, बायांच्या सँडलच्या टाचा त्यात रुतल्या. त्यात नळवाल्यांचा संप. पाण्याच्या तोट्या चालू करायच्या की संडास, एकच काहीतरी होणार होतं. डिस्नेनं संडास निवडले. लोकांना वाटलं, थंड पेय खपवायला यानं पाणी बंद ठेवलं.”

काकूंचा चेहरा असा उजळला की बस. “म्हणजे त्याइच्याही नळाले पाणी नव्हतं! अन् ऊन किती होतं तिथी?”

“अडतीस अंश म्हणतात.”

“अडतीस?” काकू हसता हसता भिंतीवर वाकल्या. “अडतीसात आपण पापड वाळवाले निघतो!”

महाराष्ट्राचा विषय निघाला तर माझ्या आठवणीत एस्सेलवर्ल्ड आधी येतं. १९८९ साली गोराईला सुभाष चंद्रांनी उघडलं, बोटीनं जावं लागे. आम्ही समुद्रही न पाहिलेली पोरं टीव्हीवर ती जाहिरात पाहून बोटीचं तिकीट किती असेल यावर भांडायचो. आमच्या वर्गातलं कोणी गेलं नाही. आता ते बंद पडलंय. इमॅजिका २०१३ साली आलं, मनमोहन शेट्टींचं. तोवर आमची मुलं मोठी झाली होती. २०२२ साली ते संगमनेरच्या मालपाणींकडे गेलं.

“मालपाणी म्हणजे गाय छापवाले?” काकूंनी विचारलं.

“हो, तेच.”

“मंग बापा अर्धा पार्क आमच्या घरातलाच म्हणा,” काकूंनी घरात आडव्या झालेल्या काकांकडे हात केला. “सकाळपासून तिसरी पुडी चालू आहे.”

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. वाद झाला तो शेगावावरून. काकूंची धाकटी जाऊ शेगावला गजानन महाराज संस्थानात सेवेकरी म्हणून जाते. पुतण्याची आई तीच. तिकडे सेवेला नाव नोंदवून वाट पाहावी लागते, पगार नाही, आणि तरी गावोगावची माणसं पाळीपाळीनं येऊन झाडतात, वाढतात, रांगा लावतात. आनंदसागर भरात होतं तेव्हा तीच माणसं तिथं. छोटी आगगाडी, तळं, बगीचा, आणि प्रत्येक वळणावर पांढऱ्या कपड्यांतला एक जण हात जोडून. आमच्या विदर्भातल्या माणसानं पाहिलेलं पहिलं थीम पार्क तेच, कोणी त्याला तसं म्हणत नाही एवढंच. शिवशंकरभाऊ पाटलांनी ती शिस्त घडवली. भाऊ २०२१ च्या ऑगस्टात गेले, तेव्हा काकूंच्या घरी त्या दिवशी चूल उशिरा पेटली होती.

मी म्हटलं, “काकू, तुमची जाऊ तुम्हाला शेगावात भेटली तेव्हा काय म्हणाली होती?”

“‘माऊली, चपला तिकडं ठेवा.’”

“मग तिचा नाही राग आला?”

काकू क्षणभर अडकल्या, पण वरमल्या नाहीत. “तिची गोष्ट वेगळी. ती आठ दिवस जाते अन् घरी येते. तिचं मन झालं म्हणून जाते. अन् तिथं येणारा माणूस तिले उलटून हात जोडते. याले कोण जोडते? मी त्या दिवशी पाह्यलं ना. रांगेतली एक बाई त्याच्या हातात आइसक्रीमची कांडी देऊन पुढं गेली. त्याच्या हातात व! तो काय डस्टबिन आहे?”

आता माझं काय म्हणणं, ते सांगते. पुतण्या पगार घेतो म्हणून त्याचं काम हलकं होत नाही, आणि सेवा फुकट आहे म्हणून ती आपोआप भारी होत नाही. पट्टा ओढून पाहणाऱ्याचा पगार वेळेवर झाला पाहिजे, रजा मिळाली पाहिजे, यात पाप काय? पण हात जोडण्याचं काकू बोलल्या ते मला खोडता आलं नाही. शेगावात दारातून आत जाताच आपल्या पब्लिकचा आवाज खाली येतो. तीच माणसं तिकीट काढून आत गेली की त्यांना वाटतं, समोरचा माणूसही तिकिटात आला.

मी पुतण्याला पोळ्याला हेही विचारलं होतं, की तू स्वतः कधी पाहुणा म्हणून जातोस की नाही. मित्रांसोबत एकदा हैदराबादला रामोजी फिल्म सिटी पाहून आला म्हणे. “पाहिलं काय, काकू. सगळे वर पाहत होते, मी खाली पाहत होतो. कठडा हलतो का, रांग किती लांब आहे, ऑपरेटरची ड्युटी कधीपासून चालू असेल. एका राइडवर बसलो तर पट्टा तपासणारा पोरगा दमलेला वाटला. मी स्वतःच पट्टा ओढून त्याला अंगठा दाखवला. तो हसला बरं का, खरं हसला.”

तर आता ताजी बातमी, जिच्यासाठी आज काकू सकाळीच भिंतीवर आल्या. पोराचं लग्न ठरायला टेकलंय. आजवर दोन स्थळं हातची गेली होती, कारण ‘पोरगा काय करते’ याला काका ‘पाळण्यावर आहे’ म्हणून मोकळे होत. मग काकूंनी ‘मशिनरी ऑपरेटर’ हा शब्द घरात लागू केला. आर्णीकडची मुलगी, बीएस्सी झालेली. तिचा भाऊ पुण्याला. तिनं काय करावं? कोणाला न सांगता, भावासोबत तिकीट काढून त्या पार्कात गेली. याच्याच राइडवर बसली. फोटो तिनं पाहिलेला, यानं तिचा पाहिलेला नव्हता.

“मंग?” माझी तूर सुपातच राहिली.

“मंग काय, ‘वेलकम मॅडम’ म्हटलं असन त्यानं. पट्टा ओढला, अंगठा दाखवला. तिच्या मागच्या सीटवर कोण्या पोट्ट्यानं पट्टा सोडून ठेवला होता मोबाइल काढाले, तर यानं गाडी थांबवून ठेवली. पोट्ट्याचा बाप भांडला, लोकं ओरडले, हा जागचा हलला नाई. घरी येऊन तिनं होकार सांगितला.”

“बाई गं! मग अडलं कुठं?”

“तारखेवर! त्याले दिवाळीत रजा नाई, नाताळात नाई, उन्हाळ्यात तर नावच नको. रजा भेटते ती पावसाळ्यात. आता आषाढ-श्रावणात कोणता बामण मुहूर्त काढून देईन व?” काकूंनी भिंतीवरून आवाज चढवला, “मास्तर, कालनिर्णय पाहा जरा!”

हे आतून कालनिर्णय घेऊन आले. चष्मा कपाळावरून खाली घेत म्हणाले, “फेब्रुवारीत एक चांगला आहे. पण बुधवार आहे.”

“बुधवारीच भेटन त्याले रजा. पण बुधवारी लग्नाले येईन कोण?”

“पंगत आहे म्हणून कळवा वहिनी,” हे म्हणाले, “दिग्रस मंगळवारीच येऊन बसतं.”